आधी ड्यूटी लिस्ट बघा

मा. संपादक,
स. न.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे मनोबल वाढवण्याविषयीचा कालचा लेख वाचला. विषयाला जागा दिलीत, आभार. पण ध्यान, श्वसन आणि कृतज्ञतेची वही यांवर अख्खे पान भरताना ड्यूटी लिस्टबद्दल, म्हणजे कुणाची पाळी कधी हे ठरवणाऱ्या तक्त्याबद्दल, एक ओळही नसावी, याचा संताप आला. बर्नआउट म्हणजे कामाच्या ठिकाणचा न आवरलेला ताण, अशी नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच केली. मग उपाय सगळे मुलींनी घरी करायचे कसे?

नाइट ड्यूटी संपवून, पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवून (हँडओव्हर देऊन) सुटलेली मुलगी दोन तासांत हजेरीसाठी वर्गात येऊन बसते. सलग सतरा तास जागे राहिले की रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी सावधता घटते. ती तर चोवीस तासांकडे चाललेली असते. नाइटनंतर वर्ग ठेवूच नये, हजेरी धरावी. पाळ्या मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशाच क्रमाने फिरवाव्यात. झोपेची वेळ पुढे ढकलणे शरीराला जमते, अलीकडे ओढणे जड जाते. इव्हिनिंगला जोडून मॉर्निंग लावू नये, मध्ये किमान अकरा तास हवेत. रात्री आळीपाळीने वीस मिनिटे डोळा लागू द्यावा. डुलकी पाऊण तासावर गेली तर गाढ झोपेतून उठावे लागते आणि डोके बराच वेळ जड राहते. तशा अवस्थेत औषधाचा डोस काढायला लावू नये. पहाटे तीन ते पाचमध्ये तर प्रत्येक डोस दुसरीने तपासलाच पाहिजे.

लेखासोबतच्या छायाचित्राचेही सांगते. त्यात विद्यार्थिनी वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावते आहे. सुई टोचते ती नेमकी अशीच! वापरलेली सुई टोपण न लावता थेट शार्प्सच्या, म्हणजे टोकदार कचऱ्याच्या, डब्यात जाते. टोचलीच तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि तडक कळवायचे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधांची गरज असेल तर ती शक्यतो दोन तासांत आणि काहीही झाले तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, पुढे २८ दिवस चालतात. तरीही मुली लपवतात, कारण पहिला प्रश्न येतो, ‘टोपण लावलंसच का?’ तो नंतर विचारता येईल. आधी तिच्याबरोबर कॅज्युअल्टीत जा. रात्री कुणाला फोन करायचा आणि औषधे कुठे मिळतात, हे वॉर्डच्या भिंतीवर लिहिलेले हवे.

शिक्षकांना लेखात दोनच वाक्ये मिळाली, म्हणून त्यांच्यासाठी इथे लिहिते. वॉर्डात पहिला मृत्यू पाहिलेल्या मुलीला सगळ्यांसमोर बोलते करू नये. सक्तीच्या एका बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही. तिला बाजूला बसवावे, पाणी द्यावे, आज सोबत कोण आहे ते विचारावे, दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारपूस करावी. हे सारे ट्यूटरचे काम. पण ट्यूटरची सकाळ वॉर्डात, दुपार वर्गात आणि संध्याकाळ लॉगबुके तपासण्यात जाते. वेळापत्रकात यासाठी वेगळा तास नसेल तर ही विचारपूस होणार कधी?

ते छायाचित्र निदान ऑनलाइन आवृत्तीतून तरी आजच काढावे, ही विनंती. पहिल्या वर्षाच्या मुली ते बघून तसेच करतील.

– एक नर्सिंग शिक्षिका