काकू, तुमची वही परत आणते आहे

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता, कणीक मळायची आहे" म्हणून विषय बंद करता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. जर्मनीतल्या आपल्या माणसांपैकी कुणाला एकट्याने आठ-दहा दिवस डोंगरातून चालायचं असेल, तर त्यांनाही कळू दे, रेनश्टाइग, म्हणजे थुरिंगियाच्या डोंगरमाथ्यावरची ती लांब पायवाट, माझ्याकडून कुणी करून घेतली ते.

मागच्या वर्षी गणपतीत, आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत मी सहज म्हणाले होते, आल्प्समध्ये आठवडाभर चालायचं मनात आहे. तुम्ही विचारलंत, "कशासाठी?" मी म्हटलं, शांततेसाठी. तुम्ही मोदकाची वाटी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "मग ऑगस्टमध्ये डोंगरावरच्या भरलेल्या हटमध्ये वीस जणांच्या खोलीत कशाला निजायचं? शांतता हवी तर मिटेलगेबिर्गंत जा."

हा शब्द तोवर मी फक्त ऐकला होता. मध्यम उंचीचे डोंगर. हार्त्स, र्‍योन, आयफेल, ब्लॅक फॉरेस्ट आणि तुमच्या येनापासून जवळचं थुरिंगियाचं जंगल. घरी येऊन नकाशा उघडला आणि खरं सांगते, मन खट्टू झालं. थुरिंगियाच्या त्या रांगेतला सगळ्यात उंच डोंगर ग्रोसर बेअरबेर्ग, तो ९८३ मीटर. आपली कळसूबाई १,६४६. साताऱ्यात वाढलेल्या मुलीला अजिंक्यतारा म्हणजे रोजचं फिरणं. मी तसं तुम्हाला बोलूनही दाखवलं. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "तू गड चढतेस आणि रात्री घरी येऊन जेवतेस. इथे रात्री घर नाही. उंची मोजू नकोस, दिवस मोज."

पुढचे आठ महिने आपण दिवसच मोजत होतो. दर रविवारी संध्याकाळी तुमचा फोन यायचा. फेब्रुवारीत टपालाने तुमचा जुना नकाशा आला, एक सेंटिमीटरला पाचशे मीटर असा, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. त्याच्या सोबत ही वही. चौकटींची, निळ्या पुठ्ठ्याची, आणि आत तुमचं बारीक, किंचित डावीकडे झुकलेलं अक्षर.

वहीत प्रत्येक दिवसाला एक पान आणि पानावर सहा रकाने: अंतर, चढ, मुक्काम, जेवण, पाणी, आणि शेवटचा 'सुटका'. मी विचारलं, सुटका म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, "पाय मुरगळला, ताप आला, नाहीतर नुसतंच मन उडालं, तर कुठून खाली उतरायचं, कुठे बस, कुठे रेल्वे. हा रकाना भरल्याशिवाय बाकीचे भरायचे नाहीत." नॉयहाउसला रेल्वे आहे, श्टाइनबाख आम वाल्डला आहे, मधल्या कुठल्या गावाची बस शनिवार-रविवारी धावत नाही, हे सगळं तुम्ही मलाच शोधायला लावलंत. चुकलं तर "परत बघ" एवढंच म्हणायचात. तेव्हा मला थोडा राग यायचा, तुम्हाला माहीत असताना सरळ सांगत का नाही म्हणून.

रेनश्टाइग १६९ किलोमीटरचा. वेरा नदीकाठच्या ह्योर्शेलपासून ब्लांकनश्टाइनपर्यंत, जवळजवळ सगळा डोंगराच्या माथ्यावरून. झाडांच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात रंगवलेलं एक R अक्षर, त्याला तिथले लोक प्रेमाने 'मारायले' म्हणतात, ते दिसत राहिलं की वाट बरोबर. १३३० सालच्या कागदपत्रांत या वाटेचं नाव सापडतं, इतकी ती जुनी. पण माथ्यावरची वाट म्हणजे पाण्याची अडचण, हे साताऱ्याच्या माणसाला खरं तर सुचायला हवं होतं. पाणलोटाच्या रेषेवर झरे नसतात, ते दोन्ही बाजूंना खाली असतात, आणि गावंही पुष्कळशी खालीच. रोज संध्याकाळी मुक्कामाला दोनशे-तीनशे मीटर उतरलं तर सकाळी तेवढं पुन्हा चढावं लागतं. तुम्ही मुक्काम निवडताना माथ्यावरच्या वस्त्यांवर एवढा भर का देत होता, ते मला दुसऱ्या दिवशी इन्सेल्सबेर्गच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यांनी समजावलं.

पाण्यासाठी तुम्ही सांगितलेली युक्ती मी आता सगळ्यांना सांगते: गावात शिरलं की दफनभूमी शोधायची. फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतो. 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तर प्यायचं नाही, शंका असेल तर शेजारच्या घराची बेल वाजवायची. मी दोनदा वाजवली. एका आजींनी बाटली भरून दिलीच, वर दोन सफरचंदं दिली. तुम्ही म्हणाला होतात, "मागायला लाजायचं नाही, त्या लोकांना वाटसरूंची सवय आहे." अगदी तसंच झालं.

गोचिडीच्या लसीचा आग्रहही तुमचाच. मी कंटाळा करत होते. मेंदूला सूज आणणारा तो ताप थुरिंगियाच्या बऱ्याच भागात आहे, पहिले दोन डोस चालायला निघायच्या आधी झाले पाहिजेत म्हणून फेब्रुवारीतच डॉक्टरांकडे जा, असं तुम्ही तीन रविवार सांगत राहिलात. आणि लस त्या एका तापावरच चालते, गोचिडीमुळेच होणाऱ्या लाइम या दुसऱ्या आजारावर नाही, म्हणून रोज रात्री गुडघ्यांच्या मागे, कानांच्या मागे तपासायचंच. चौथ्या रात्री पोटरीवर एक सापडली, तिळाएवढी. तुम्ही दिलेल्या चिमट्याने काढली आणि वहीत तारीख लिहून ठेवली, पुढे लाल चट्टा आला तर डॉक्टरांना सांगता यावी म्हणून. आला नाही.

जेवणाचं सांगते, तुम्हाला काळजी होती म्हणून. थुरिंगियाचे बटाट्याचे गोळे, क्लोसे, मला फार आवडले. आत तळलेल्या पावाचे तुकडे लागतात तेव्हा लहानपणी उकडीच्या मोदकात सारण लागल्यावर व्हायचा तसाच आनंद होतो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रत्येक ठिकाणी विचारलं, लाल कोबीत 'श्पेक', म्हणजे डुकराची चरबी, आहे का, आणि रस्सा मांसाचा आहे की मशरूमचा. दोन ठिकाणी कोबीत चरबी होती. न विचारता ताटात घेतला असता. बाकी दिवसा शेंगदाणे, गूळ आणि तुमच्या हातची कोरडी चटणी, पावावर.

आता त्या पाचव्या दिवसाबद्दल. मुद्दाम लिहिते, कारण त्या दिवशी मला तुमची रीत कळली, म्हणजे तुम्ही आयतं उत्तर का देत नव्हता ते कळलं. दुपारी चारला मी आरक्षण केलेल्या गेस्टहाउसच्या दारात उभी, आणि दारावर कागद: आजारपणामुळे बंद. फोन कुणी उचलेना. पाऊस नव्हता पण धुकं उतरायला लागलं होतं आणि तोंडचं पाणी पळालं होतं. मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही घाबरला नाहीत, हळहळला नाहीत. "पान पाच काढ," म्हणालात. "शेवटच्या रकान्यात काय लिहिलंयस?" माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: नॉयहाउस, माथ्यावरूनच, दोन तास, मोठं गाव, हॉटेलं आहेत, रेल्वे आहे. तुम्ही म्हणालात, "मग? तुझंच तर उत्तर आहे. पाणी पी, दिवा खिशात ठेव, निघ." पावणेसातला मी पोहोचले. खोली मिळाली. गरम पाण्याखाली उभी राहून मी बराच वेळ रडले, आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं, काकू.

शांततेबद्दल काय लिहू? तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा निवडा म्हणालात तेव्हा मला वाटलं, गर्दी नसते म्हणून. ते होतंच. पण पहाटे धुक्यातून सांबराएवढ्या नर हरणाची ती खोल, घोगरी हाक ऐकू आली, एकदा या बाजूने, मग दरीपलीकडून उत्तर, तेव्हा मी जागच्या जागी थांबले. पंधरा मिनिटं थांबले असेन. त्या दिवशी सकाळी साडेसात ते दुपारी एक मला एकही माणूस भेटला नाही.

बेअरबेर्गच्या बाबतीत तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, म्हणून हिरमोड झाला नाही. माथ्यावर जुनी दलदल आहे, ती जपायची म्हणून तिथे पाऊल ठेवायचं नाही. वाट बाजूने जाते आणि ९७३ मीटरवरच्या प्लेंकनरच्या सज्ज्यावरून लांबवर बघायचं. शिखराला हात लावल्याशिवाय मी आजवर कुठल्याही गडावरून उतरले नव्हते. इथे शिखराला न शिवता पुढे गेले आणि ते मला पटलं.

तीन नद्यांचा दगडही पाहिला, ज्याच्यापासून पावसाचं पाणी एल्बे, वेझर आणि ऱ्हाइन अशा तिन्हींकडे वाटलं जातं. तिथे बसून महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळाची आठवण आली. सावित्री पश्चिमेला उतरते आणि बाकीच्या पूर्वेला, हे वडील आम्हाला दरवेळी त्याच गोमुखापाशी उभं करून समजावायचे.

नॉयहाउसच्या पुढे घरांच्या भिंतीच काळ्या होत जातात, नखाएवढ्या नव्हे तर तळहाताएवढ्या पाटीच्या दगडाच्या खपल्यांनी मढवलेल्या. एका कुंपणापाशी खाली पडलेला तुकडा उचलला. अंगठ्याने घासला तर बोट राखाडी झालं आणि वास आला तो थेट पहिलीच्या वर्गाचा, ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीचा. रात्री तुम्ही फोनवर म्हणालात की जवळच श्टाइनाखला पाटीवरच्या पेन्सिली बनायच्या आणि देशोदेशी जायच्या. मी तो तुकडा तुमच्यासाठी आणला आहे.

शेवटच्या टप्प्याबद्दल तुम्ही फार कमी बोलला होतात, आणि मीही खोदून विचारलं नाही. तुम्ही येनाला शिकायला आलात तेव्हा ही वाट पूर्वेकडे मध्येच तुटायची. पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधल्या सीमेलगतच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यात परवान्याशिवाय जाता येत नसे, आणि वाट तर सीमेपलीकडे बव्हेरियात शिरून परत येते. श्टाइनबाखच्या अलीकडे-पलीकडे मी ती जुनी गस्तीची वाट ओलांडली. काँक्रीटच्या भोकं पाडलेल्या फरश्या, आणि प्रत्येक भोकातून गवताचा झुबका वर आलेला. कुणी अडवलं नाही. नुसती एक पाटी. १९९० च्या वसंतात तुम्ही इथून पहिल्यांदा पलीकडे गेलात तेव्हा काय वाटलं होतं, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, तुम्हाला सांगावंसं वाटलं तर.

जंगलाचं तुम्ही मुद्दाम बघून यायला सांगितलं होतंत. ते चांगलं नाही, काकू. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांनी आणि सालीतल्या भुंगेऱ्यांनी स्प्रूस मारून टाकलेत, पूर्वेच्या टप्प्यात तर डोंगरच्या डोंगर उघडे. तुमच्या वहीत जिथे 'दाट सावली, इथे जेवायला बस' असं लिहिलंय तिथे आता बुंधे आहेत. पण त्या बुंध्यांमध्ये रोवनची आणि बीचची गुडघाभर रोपं आली आहेत, ती मी वाकून पाहिली.

ब्लांकनश्टाइनला दुपारी तीनला पोहोचले. ह्योर्शेलला वेराच्या पाण्यातून उचललेला खडा नऊ दिवस उजव्या खिशात होता, तो रिवाजाप्रमाणे झेल्बित्स नदीत टाकला. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने "गुट रुन्स्ट!" असं या वाटेवरचं अभिवादन करून हात केला. मी पहिला फोन तुम्हाला केला आणि तुम्ही विचारलंत, "जेवलीस का?"

वहीत काही नोंदी मी पेन्सिलीने केल्या आहेत, तुमची परवानगी गृहीत धरून. पान दोनवरचा नळ आता बंद आहे, त्यापुढच्या गावात मिळतो. पान चारवरचं दुकान दुपारी एकलाच मिटतं. पान पाचवरच्या मुक्कामापुढे प्रश्नचिन्ह घातलंय. पान आठवर सावली खोडली आहे आणि 'टोपी लागेल' असं लिहिलंय. फ्रँकफुर्टच्या मंडळातल्या एका नागपूरच्या मुलीला पुढच्या वर्षी हीच वाट चालायची आहे. तिला वही हवी होती. मी म्हटलं, आधी काकूंना विचारते, आणि मिळाली तरी 'सुटका'चा रकाना तुला तुझा भरावा लागेल.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने निघते, साडेबारापर्यंत येनाला पोहोचेन. वही, नकाशा, चिमटा आणि पाटीचा तुकडा आणते. थालीपिठाची भाजणी आईने साताऱ्याहून पाठवली आहे, तीही. कणीक मळू नका.

तुमची,
सातारकरीण