कान दाखवलास का?

गोरेगाव, मुंबई
रविवार, दुपार

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

सूनबाईवर रागावू नकोस. तिनं आपणहून काही सांगितलं नाही, मीच खोदून खोदून विचारलं. गणपती गेल्यापासून तुझ्या डाव्या कानात सूं असा आवाज येतोय, रात्री पंखा बंद केला तरी थांबत नाही, आणि तू अजून डॉक्टरकडे गेलेला नाहीस. उलट बाबांवरच्या त्या सिनेमासाठी हेडफोन लावून पहाटेपर्यंत त्यांच्या जुन्या टेपांचे स्पूल ऐकत बसतोस. फोनवर बोलले असते तर "हो गं आई, जातो" म्हणून मोकळा झाला असतास, म्हणून कागद घेतला.

कानाचं एवढंच. पुन्हा काढणार नाही.

तू दिलेला तो रेमंड स्कॉटवरचा, त्या यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकन संगीतकारावरचा, सिनेमा ताईनं मला परत लावून दिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तू शेजारी बसून मध्येमध्ये समजावत होतास, त्यामुळे धड काही पाहताच आलं नव्हतं. या वेळी नीट पाहिला. सिनेमा केलाय त्याच्या मुलानं, तोही तुझ्यासारखाच एडिटर. बाप 1994 साली गेला आणि मुलाचा सिनेमा आला 2010 मध्ये, म्हणजे बापाला समजून घ्यायला त्यालाही वेळ लागलाच म्हणायचा. तू घाई करू नकोस हे मला त्यातून सांगायचं आहे, पण ते राहू दे.

खरं सांगू का, मला त्या माणसापेक्षा त्याच्या बायकाच जास्त दिसल्या. तीन लग्नं. घरात तारा, दिवे, बटणं, आणि माणूस त्या सगळ्याच्या मागे. बग्ज बनीच्या कार्टूनमधून ज्याच्या चाली जगभरच्या पोरांनी ऐकल्या, त्यानं त्या कार्टूनसाठी केल्याच नव्हत्या, आणि त्या कुणाच्या हे पोरांना माहीतही नव्हतं. तान्ह्या बाळांना निजवायला यंत्रातून सूर काढून त्यानं रेकॉर्डी काढल्या, यावर मात्र मला हसू आलं. तुला असलं संगीत फुकटात मिळत होतं. बाबांच्या त्या सूर काढणाऱ्या ऑसिलेटरची घूं सुरू झाली की तू पाळण्यात गप्प व्हायचास, आणि आजी म्हणायची, पोराला करंट लागेल.

आपोआप चाली रचणाऱ्या त्या यंत्रावर, इलेक्ट्रोनियमवर, त्यानं दहा-बारा वर्षं ओतली. 1987 साली पक्षाघाताचा झटका आला आणि बोलणंच जवळपास गेलं. जे डोक्यात होतं ते सांगायचं राहिलं. तो भाग आला तेव्हा ताईनं सिनेमा थांबवून मला पाणी दिलं. मी रडत नव्हते, उगाच.

तर तुझ्या सिनेमाविषयी. तू लिहिलेलं निवेदन मी वाचलं. छान आहे. लॅमिंग्टन रोडवरून बाबा खिसे भरून सुटे भाग आणायचे, गिरगावातल्या खोलीत डाग देतानाच्या रोझिनचा वास भरून राहायचा, हे सगळं अगदी तसंच आलंय. "नागिन" सिनेमातली बीन ही बीन नव्हतीच, कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हियोलिन, म्हणजे विजेवरचं पेटीसारखं वाद्य होतं, ही गोष्ट ते येईल त्या पाहुण्याला सांगायचे, तीही घातलीस. पाहुणे चहा संपवून पळायचे. सिनेमाच्या वादकांतल्या केर्सी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर, ते विजेवर सूर घडवणारं वाद्य, आणलं तेव्हा बाबा रेकॉर्डिंगला साइड रिदमला, म्हणजे मंजिऱ्या-खंजिरीसारखी छोटी तालवाद्यं वाजवायला बसायचे. त्या दिवसांत घरी आले की जेवता जेवता ताटावर बोटांनी नुसती बटणं फिरवत असायचे.

पण बाबांनी घरी बनवलेल्या तालपेटीचं, त्या आपोआप ठेका धरणाऱ्या यंत्राचं, तू थोडक्यात उरकलंस, ते मला पटलं नाही. तीच तर खरी गोष्ट आहे. परदेशातून येणाऱ्या पेट्यांमध्ये वॉल्ट्झ, रुम्बा, चा-चा असायचं. आपला रूपक ताल कुठून असणार? सात मात्रांसाठी बाबांनी किती रात्री घालवल्या ते मला विचार. 555 च्या आयसी, बीसी 148 ट्रान्झिस्टर, आणि साबणाच्या डब्यात निवडून ठेवलेले रेझिस्टर. मंजिऱ्यांचा छन् आवाज एका उलट्या जोडलेल्या ट्रान्झिस्टरच्या खरखरीतून काढला होता. जे कचरा म्हणून टाकायचं त्यातून काढला, म्हणून त्यांना त्याचा भारी अभिमान. पहिल्यांदा सम बरोबर पडली तेव्हा रात्री दोन वाजता त्यांनी मला उठवलं, आणि मी झोपेत म्हणाले, "जरा हळू, चाळ उठेल." आणि चाळ उठलीच.

त्या चाळीतल्या समोरच्या व्हायोलिनवाल्या काकांबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. लहान होतास, पण त्यांच्याकडची ती करंजीसारखी नेवरी तुला नक्की आठवत असेल. पुढे कीबोर्ड आले, एकेक माणूस अख्ख्या व्हायोलिनवाल्यांचं काम करायला लागला. महिन्यात वीस-वीस रेकॉर्डिंग करणारे काका घरी बसले. एके दिवशी जिन्यात ते बाबांना म्हणाले, "तुमच्या डब्यांनी आमच्या पोटावर पाय दिला." बाबांचा त्यात काय दोष? त्यांची पेटी तर कुणी विकतही घेतली नाही. पण त्यानंतर दिवाळीचा फराळ त्या दारातून आला नाही आणि आपल्याकडूनही गेला नाही. बाबांना तू थोर दाखव, मला हवंच आहे ते, माझी छाती फुगते. पण जिन्यातले काकाही दाखव. नाहीतर तो फक्त आपल्या घरचा सिनेमा होईल.

आणि आता जे लिहायला बसले ते. तू निवेदनात म्हटलंयस की शेवटच्या स्पूलमध्ये बाबांनी मंजिऱ्या इतक्या पुढे ठेवल्या की बाकी ठेका मागे पडतो, आणि हा त्यांचा "धाडसी प्रयोग" होता. बाळू, तो प्रयोग नव्हता. त्यांना मंजिऱ्या ऐकू येत नव्हत्या.

बारीक, उंच आवाज आधी गेले. दारावरची चिमणीची बेल वाजली तरी ते पेपर वाचत बसायचे. मोबाइल खिशात वाजायचा, शेजारचा सांगायचा. मग पेटीवर बसले की मंजिऱ्यांचं बटण चढवायचे, आणि विचारायचे, "आता बरोबर आहे ना?" मी हो म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? मशीन घेतलं होतं कानाचं, तू पैसे पाठवले होतेस. ते शिट्टी मारायचं. बाबा म्हणाले, "हा तर ऑसिलेटर आहे, मी चाळीस वर्षं हेच बनवतोय," खूप हसले, आणि ते मशीन खणात गेलं ते गेलंच. तुला सांगू नको म्हणाले होते. वाजवणाऱ्याचा कान गेला म्हटल्यावर कोण बोलावणार, अशी धास्ती. तोपर्यंत तसंही कुणी बोलावत नव्हतं.

हे सिनेमात घालायचं की नाही ते तू ठरव. मला वाटतं घालू नये, आणि रात्री वाटतं घालावं.

पण म्हणून तरी तुला माझी भीती कळेल. तेच हेडफोन, तीच रात्र, तेच "जातो गं". तूच मला मागे सांगितलं होतंस, 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पुढे तीन-तीन वाढला की वेळ निम्मी होते, 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. हे पाठ असलेल्या माणसानं असं वागावं? कानाच्या आतले आवाज टिपणारे ते बारीक केस एकदा गेले की परत येत नाहीत. एकाच कानाला असं काही झालं तर महिना-महिना बसून राहायचं नसतं, तपासून घ्यायचं असतं. तुझी सगळी भाकरी त्या दोन कानांवर आहे. वर पीएफ मोडलास म्हणे. शाळेची फी कशी भरणार, ईएमआय कसा जाणार, हे तू...

नको. पुन्हा काढणार नाही म्हटलं होतं आणि अख्खं पान भरलं. पंचेचाळिशीच्या मुलाला आईनं असं लिहू नये, मला कळतं. पैशांचं तू बघून घेशील. सिनेमाच्या वादकांतल्या चरणजित सिंग यांचं उदाहरण तू देतोस ना, सिंथेसायझरवर रागांची 1982 ची रेकॉर्ड, तेव्हा कुणी विचारलं नाही आणि 2010 मध्ये ती परत निघाल्यावर परदेशी पोरं वेडी झाली. त्यांना जिवंतपणी तेवढं तरी बघायला मिळालं. बाबांना नाही मिळालं. त्यांच्या मुलानं त्यांच्यासाठी नोकरी सोडली हे त्यांना आवडलं असतं की ते चिडले असते, यावर माझी आणि ताईची रोज चर्चा होते. ती म्हणते आवडलं असतं. मी म्हणते आधी चिडले असते. चिकट झालेले स्पूल तू मंद आचेवर आठ-आठ तास शेकतोस हे ऐकून मात्र नक्की तुझ्याशेजारी येऊन बसले असते.

ताईनं गुरुवारी साडेपाचची वेळ घेतली आहे, तिच्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांकडे. ती खाली रिक्षात थांबेल. नको म्हणू नकोस, ती अर्धी रजा टाकतेय. व्हायोलिनवाल्या काकांचा मुलगा आता वसईला असतो, त्याचा नंबरही तिच्याकडे आहे. काका गेले, पण व्हायोलिन त्यानं ठेवलंय असं ऐकलं. आधी फोन करून जा आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस.

छोटीला पापा. सूनबाईला सांग, मेतकूट संपलं असेल तर डबा पाठव.

तुझी,
आई

ता. क. तालपेटी न्यायला येशील तेव्हा दिवसाउजेडी ये, माळ्यावर आहे, एकट्यानं काढू नकोस. फार वर्षं बंद आहे, तेव्हा थेट प्लगला लावू नकोस. बाबा म्हणायचे, जुना कपॅसिटर फुटतो. आधी कुणा जाणकाराला दाखव. आणि उजवीकडचं शेवटचं बटण मंजिऱ्यांचं आहे, ते पूर्ण चढवलेलं आहे. चालू करायच्या आधी खाली आण.