दातावरनं वय

कोल्हापूर

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. वय आणि दिसणं यांवरचे इंग्रजी वाक्प्रचार दहावीच्या पोरांना शिकवणार आहेस, तर घोकायला यादी देऊ नकोस. सुरुवात बैलाच्या दातापासून कर.

जनावरांच्या बाजारात वय जबडा उघडून ठरतं: आदत (अजून दुधाचेच दात), दुसा (दोन पक्के दात), चौसा, सहादाती, आणि खालचे आठही पुढचे दात पक्के आले की जुळला. गावाकडच्या पोराला हे सांगावं लागत नाही. तिथनं घोड्यावर ये. वयाबरोबर घोड्याच्या हिरड्या मागं सरतात, दात लांब दिसू लागतात. म्हणून वय झालेल्याला ‘लाँग इन द टूथ’. पोरं हमखास ‘टीथ’ लिहितील. तोंडात दात कितीही असोत, इथं एकवचनच. भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड तपासू नये, ही म्हणही याच जबड्यातली.

‘मटन ड्रेस्ड ॲज लँब’ समजावताना थांब, कारण आपल्याकडं मटण बकऱ्याचं. तिकडं मटण म्हणजे जून मेंढीचं, लँब म्हणजे वर्षाच्या आतलं कोकरू. जून माल कोवळा म्हणून खपवणं, हा रोख. ‘बुढ्ढी घोडी लाल लगाम’च्या जातीचा हा टोमणा बहुतेक बाईलाच मारतात आणि तो फार झोंबतो. पोरांना अर्थ कळू दे, पण वाक्यात उपयोग करायला लावू नकोस. ‘स्प्रिंग चिकन’ म्हणजे कोवळी कोंबडी, पण माणसाबद्दल बोलताना आधी ‘नो’ हवाच. नकार काढला की वाक्य पडतं.

‘ओव्हर द हिल’ला उतारवय म्हण, दोन्हीकडं उतारच आहे. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या म्हणजे ‘क्रोज फीट’, कावळ्याचे पाय. इंग्रज कवी चॉसरनं 14व्या शतकातच लिहून ठेवलेत.

कौतुकाला मात्र भरपूर वेळ दे. खरी इजा तिथंच होते. ‘यू लुक गुड’ इथं थांबलं तर समोरची व्यक्ती खूश. पुढं ‘फॉर युअर एज’ जोडलं की तेच वाक्य बोचतं. ‘दॅट हेअरकट टेक्स टेन इयर्स ऑफ यू’ बिनधास्त शिकव. आपण ‘वयातून दहा वर्षं कमी’ म्हणतो, त्यामुळं पोरं ‘फ्रॉम युअर एज’ लिहितात. तिथं ‘ऑफ यू’च हवं, दोन एफवालं ‘off’, फळ्यावर मोठ्या अक्षरात.

पहिला तास जनावरांचा, दुसरा कौतुकाचा ठेव. उलटं केलंस तर टोमणाच लक्षात राहतो.

तुझाच,
बाळ्या