बर्फावरचा कोळी गारठलेला नसतो

मा. संपादक,

हिवाळ्यात उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या ट्रेकला जाणाऱ्यांना बर्फावर कोळी दिसला, की ‘बिचारा गारठला’ म्हणून तो तळहातावर घेऊन फुंकर घातली जाते. ही दया त्याच्या जिवावर बेतू शकते. कोळ्याच्या अंगात बर्फ झाला तर तो मरतो. म्हणून शून्याखालीही त्याच्या शरीरातलं पाणी द्रवच राहतं. ग्लिसरॉलसारखी द्रव्यं त्याला गोठू देत नाहीत. फुंकरीतली वाफ अंगावर दवासारखी बसते, खाली सोडल्यावर गोठते आणि त्या बर्फाच्या संपर्काने आतलं पाणीही गोठू शकतं. शिवाय शून्य अंशाला वावरणाऱ्या जिवाला तळहाताची तिशीतली ऊब झेपत नाही, ती वेगळीच.

बर्फाचा थर वीसेक सेंटिमीटरहून जाड असला, की खालची जमीन शून्याच्या आसपास टिकते. पालापाचोळ्यातले कोळी तिथे हिंडतात-खातात आणि झुडपांच्या देठांलगतच्या फटींतून वर येतात. नॉर्वे-फिनलंडमध्ये बर्फावर दिसणारे बहुतेक लिनिफिडी कुळातले, दोन-तीन मिलिमीटरचे. त्यातला बोलिफँटिस इंडेक्स तर पावलांच्या ठशांत जाळं विणून स्प्रिंगटेल (उड्या मारणारे इवलेसे जीव) पकडतो.

पाहायचं तर ढगाळ, वारा नसलेला, शून्याच्या अल्याड-पल्याडचा दिवस निवडावा. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग हवेपेक्षा काही अंशांनी जास्त थंड होतो, मग सकाळी वर कुणी फिरकत नाही. थर्मामीटर सावलीत धरा, उन्हात तो खोटं बोलतो. आधी मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके शोधा. त्यांनी टुणकन उडी मारली तर ते स्प्रिंगटेल, म्हणजे कोळ्याचं जेवण जवळच आहे. मग पाय मोजा. युरोप-अमेरिकेतली बिनपंखांची हिममाशी हुबेहूब कोळ्यासारखी चालते, पण पाय सहाच.

फोटो घेताना एक्स्पोजर एक घर वाढवा, नाहीतर बर्फ राखाडी आणि कोळी नुसता काळा डाग. जातीचं नाव मात्र फोटोवरून सांगू नये; त्यासाठी प्रौढ कोळ्याचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. आणि केदारकंठा संरक्षित वनक्षेत्रात येतो, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय नमुना उचलता येत नाही.

– एक कोळी-निरीक्षक, पुणे