आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : गुठळीने गेलेल्या माणसाची नोंद कुठे ठेवता?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी होऊन झालेल्या मृत्यूबाबत आपल्या खात्याने पाठवलेले उत्तर.

महोदय,

सविनय नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. माझे यजमान गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या मृत्यूची चौकशी व्हावी म्हणून मी आपल्या खात्याकडे अर्ज केला होता. त्याचं उत्तर परवा टपालाने आलं. पत्र दोन पानी आहे, जावक क्रमांक आहे, संदर्भ आहेत, आणि कामाचं वाक्य एकच आहे : ‘सदर रुग्णाचा मृत्यू हृदयक्रिया बंद पडल्याने झाला असून उपचारात हयगय आढळून येत नाही.’

मंत्रिमहोदय, मेलेल्या प्रत्येक माणसाची हृदयक्रिया बंद पडलेली असते. ती का बंद पडली, एवढंच मी विचारलं होतं. सीटी स्कॅनचा अहवाल अर्जाला जोडला होता. दोन्ही फुप्फुसांच्या मुख्य धमन्यांमध्ये गुठळ्या, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं आहे. तो अहवाल आपल्या चौकशी समितीने वाचला असता, तर हे वाक्य लिहायला हात धजावला नसता.

काय घडलं ते थोडक्यात सांगते. मोटारसायकल घसरली आणि ह्यांच्या नडगीचं हाड मोडलं. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, रॉड टाकला. शस्त्रक्रिया चांगली झाली, हे मी आजही म्हणते. त्या डॉक्टरांविषयी मला राग नाही. त्यानंतर हे खाटेवर पडून राहिले. वय पन्नाशीच्या पुढचं, वजन जास्त, सख्ख्या थोरल्या भावाला पूर्वी पायाच्या शिरेत गुठळी झालेली. यातलं एकही कुणी विचारलं नाही. केसपेपरवर त्यासाठी जागाच नव्हती. नाव, वय, जात, आधार क्रमांक, रेशनकार्डाचा रंग यांना मात्र जागा होती. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर सूचना होती, टाके ओले होऊ देऊ नका. आणि दहा दिवसांनी दाखवायला या.

दाखवायला गेलो तेव्हा त्या पायाची पोटरी फुगलेली होती, हाताला गरम लागत होती, दाबली की हे कळवळत. सांगण्यात आलं, ऑपरेशनचा पाय आहे, सूज राहणारच, हलकी मालीश करा. मालीश! पायाच्या खोल शिरेत गुठळी असल्याची शंका असेल तर तो पाय चोळायचा नसतो, हे मला नंतर जिल्ह्याच्या गावातल्या खासगी डॉक्टरांनी सांगितलं. एका पोटरीचा घेर दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटरहून जास्त भरला तर डॉक्टरांनी गुठळीचा संशय घ्यावा, असा साधा निकष जगभर वापरतात. त्याला टेप लागते. कपडे शिवणाऱ्याकडे असते ती. ती टेप त्या दिवशी कुणी हातात घेतली नाही. पायाच्या शिरांची डॉप्लर तपासणी, म्हणजे शिरेतलं रक्त वाहतंय की अडलंय ते दाखवणारी सोनोग्राफी, करता येते का, असं मीच विचारलं. उत्तर मिळालं की मशीन आहे, पण चालवायला रेडिऑलॉजिस्ट नाही. मशीन आलं तेव्हाचा फीत कापतानाचा फोटो त्याच खोलीच्या बाहेर लावलेला आहे.

मग एका सकाळी न्हाणीपर्यंत चालत जाऊन आले आणि ह्यांना धाप लागली. छातीत एका बाजूला कळ, खोल श्वास घेतला की वाढणारी. नाडी धावत होती. पुन्हा तेच रुग्णालय. ईसीजी काढला, हार्टॲटॅक नाही म्हणाले, गॅसचं इंजेक्शन दिलं. दुपारी हे चक्कर येऊन पडले तेव्हा कुठे पुढे पाठवायची चिठ्ठी लिहिली गेली. पुढच्या सरकारी रुग्णालयात सीटी मशीन बंद, बाहेरून करून आणा. बाहेरून करून आणलं. गुठळी विरघळवणारं औषध बाहेरूनच विकत आणलं. ते शिरेत जाईपर्यंत रात्र झाली होती. पहाटे सगळं संपलं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत सगळे उपचार मोफत, ही घोषणा आपल्याच सरकारची आहे. शाळेच्या ध्वजवंदनात आम्ही ती मुलांना वाचून दाखवली होती. त्या मोफत उपचारांसाठी काढलेल्या पतपेढीच्या कर्जाचे हप्ते माझ्या पगारातून आजही कापले जातात. आणि आपलं खातं मला लिहितं, हयगय नाही.

मी डॉक्टर नाही. पण माणूस गेल्यावर बायको काय करते? वाचत बसते. मी वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आणि जे कळलं त्याने दुःख दुप्पट झालं, कारण यात न समजण्यासारखं काहीच नाही. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. माणूस पडून राहिला की ते रक्त शिरांमध्ये रेंगाळतं. शस्त्रक्रियेत, अपघातात शिरेला इजा होते. आणि जखमेनंतर, बाळंतपणात, कर्करोगात रक्त स्वतःच गोठायला जास्त उतावीळ होतं. गुठळीमागची ही तीन कारणं जर्मन डॉक्टर रुडॉल्फ व्हिर्चो यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून ओळखली जातात. १३ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस, आणि २०१४ पासून तो जगभर थ्रॉम्बोसिस दिन, म्हणजे रक्ताच्या गुठळीच्या आजाराचा दिवस, म्हणून पाळतात. पायातली गुठळी सुटली की ती रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या कप्प्यातून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. मोठी असेल तर काही मिनिटांत खेळ खलास.

अशा गुठळ्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांपर्यंत गुठळ्या माणूस रुग्णालयात असताना किंवा तिथून सुटल्यावर ९० दिवसांच्या आत होतात. म्हणजे ज्या काळात तो माणूस तुमच्या नजरेखाली असतो, किंवा असायला हवा, नेमक्या त्याच काळात. याहून सोपं लक्ष्य आरोग्य खात्याला कुठल्या आजारात मिळणार आहे? रुग्ण दाखल होताना धोका किती ते विचारायचं. मग ज्याला जमतं त्याला लवकर उठवून चालवायचं, पाय हलवायला लावायचं, पाणी पाजायचं, आणि ज्याचा धोका जास्त व रक्तस्रावाची भीती कमी त्याला रक्त पातळ ठेवणारं हेपारिनसारखं इंजेक्शन द्यायचं. सगळ्यांना टोचा असं मी म्हणत नाही. आधी विचारा, एवढंच म्हणते.

हे स्वप्नरंजन नाही. इंग्लंडमध्ये २००५ साली तिथल्या संसदेच्या आरोग्य समितीने सांगितलं, की रुग्णालयात झालेल्या टाळता येण्याजोग्या गुठळ्यांनी वर्षाला २५,००० माणसं मरतात. त्यांनी आकडा लपवला नाही. २०१० मध्ये दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचा गुठळीचा धोका तपासणं त्यांनी सक्तीचं केलं आणि ९० टक्के रुग्णांची तपासणी झाली नाही तर रुग्णालयाचे पैसे कापायची व्यवस्था केली. आपल्याकडे? ३२ देशांतल्या रुग्णालयांची एक मोठी पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, भारतातली दहा रुग्णालयं त्यात होती. या दहा रुग्णालयांतल्या निम्म्याहून जास्त रुग्णांना गुठळीचा धोका होता आणि त्यांतल्या जेमतेम १७ टक्क्यांना योग्य प्रतिबंधक उपचार मिळत होते. आशियातल्या माणसांना गुठळ्या फारशा होत नाहीत, असं पूर्वी शिकवत. तो समज खोटा ठरून जमाना झाला, वॉर्डातली सवय मात्र बदललेली नाही.

आणि आपल्याला जमत नाही असं तर मुळीच नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत डी-डायमर ही रक्तात गुठळी होत असल्याचा सुगावा देणारी तपासणी गावच्या पारावर माहीत झाली होती. रुग्णाच्या पोटाला रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली जात होती, रोज आकडे पाहिले जात होते. याच राज्यात, याच डॉक्टरांनी, याच परिचारिकांनी ते केलं. मग लाट ओसरली आणि तेच ज्ञान ऑर्थोपेडिकच्या वॉर्डात, बाळंतिणींच्या वॉर्डात का गेलं नाही? सिझेरियन झालेली बाई घरी जाते तेव्हा पहिले सहा आठवडे तिला गुठळीचा धोका जास्त असतो. एक पाय सुजला, अचानक दम लागला, खोकल्यातून रक्त आलं तर क्षणाचाही उशीर न करता रुग्णालय गाठ, हे तिला कोण सांगतं? गावाकडे पाय सुजलेल्या बाळंतिणीला वात धरलाय म्हणून शेक देतात.

कागदं भरून घेणं सरकारला जमत नाही हे मला कुणी सांगू नये. मी शिक्षिका आहे. मतदारयाद्या, जनगणना, शाळाबाह्य मुलं, पोषण आहाराच्या तांदळाचा दाण्यादाण्याचा हिशोब, सगळं आमच्याकडून भरून घेतलं जातं आणि एक रकाना रिकामा राहिला तर नोटीस येते. मग रुग्णाच्या खाटेशी एका पानाचा, दहाबारा प्रश्नांचा तक्ता लावायला काय आडवं येतं? पैसा? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या २.५ टक्के करू. २०२१-२२ मध्ये, तोही कोविडच्या काळात, तो १.८४ टक्के होता. राज्यांनी अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावं, असंही त्याच धोरणात आहे. त्यासाठीची मुदत २०२० होती. धोरणं लिहिणाऱ्यांना मुदत चुकल्याची नोटीस कोण देतं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यांत तान्ही बाळं होती. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा औषधखरेदीवर चर्चा झाली : आधी हाफकिन या सरकारी संस्थेकडे होती, मग नवं प्राधिकरण आलं. आपण म्हणाल, ते रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं, माझ्याकडे नाही. साहेब, स्ट्रेचरवरच्या माणसाला खातं कुठलं ते कळत नसतं. एका खात्याच्या दारातून दुसऱ्या खात्याच्या दारात जाताना ह्यांचे तास गेले. मंत्र्यांना, आमदारांना काही झालं की ते मुंबईच्या कुठल्या रुग्णालयात जातात ते महाराष्ट्र बघतो. उपजिल्हा रुग्णालयात एक रात्र काढून पाहा, असं मी आपल्याला चिडून नाही, हात जोडून सांगते. त्या एका रात्रीत डॉप्लरची बंद खोली तरी उघडेल.

मला भरपाई नको. ह्यांच्या मृत्यूच्या कारणाची नोंद दुरुस्त करून हवी, कारण ‘हृदयक्रिया बंद’ लिहून जोवर हे मृत्यू झाकले जातात, तोवर महाराष्ट्रात गुठळीने कुणी मरतच नाही आणि त्यासाठी काही करायची गरजही पडत नाही. प्रत्येक सरकारी रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रौढ रुग्णाचा गुठळीचा धोका तपासण्याचा शासन निर्णय काढा, न तपासणाऱ्या रुग्णालयाला जाब विचारा. डिस्चार्ज कार्डावर धोक्याची लक्षणं मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा. आहेत ती मशीनं चालवायला माणसं नेमा, कंत्राटी नेमा, आठवड्यातले ठरलेले वार नेमा, पण नेमा. हेपारिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ते वॉर्डाच्या कपाटातही असू द्या.

या वेळी मी उत्तराची वाट पाहत बसणार नाही. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात हेपारिनचा साठा किती, डॉप्लरची मशीनं किती, त्यांतली चालू किती, रेडिऑलॉजिस्टची पदं किती रिक्त, आणि गेल्या तीन वर्षांत फुप्फुसातल्या गुठळीने झालेले मृत्यू किती नोंदले गेले, हे माहिती अधिकारात विचारणारा अर्ज आजच स्पीड पोस्टाने पाठवला आहे. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर अपील करीन. पोचपावती जपून ठेवली आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका