कॅमेरे नवे, केबलचे काय?

संपादक महोदय,

विमानतळांवरील जुनी अ‍ॅनालॉग सीसीटीव्ही यंत्रणा नेटवर्कवर नेताना चर्चा मेगापिक्सेलचीच होते. घोडे अडते ते केबल आणि साठवणुकीपाशी. नेटवर्कची तांब्याची कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंतच चालते. दूर कुंपणावरच्या कॅमेऱ्यांना म्हणूनच फायबर हवी. साध्या पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या) पोर्टमधून १५.४ वॉट निघतात. फिरत्या कॅमेऱ्याला ते अनेकदा पुरत नाहीत, मग रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच तो बंद-चालू होत राहतो. ४ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट खातो. ५०० कॅमेऱ्यांचे ३० दिवसांचे चित्रण ६५० टेराबाइटच्या घरात जाते, तेही डिस्क बिघडल्यास लागणारी राखीव जागा सोडून. सुस्थितीतले जुने कॅमेरे एन्कोडर (अ‍ॅनालॉग चित्र डिजिटल करून नेटवर्कवर पाठवणारे उपकरण) लावून चालवता येतात. मात्र सगळ्यांची घड्याळे एकाच सर्व्हरशी जुळलेली हवीत. नाहीतर एकाच प्रवाशाचा माग दोन कॅमेऱ्यांत जुळत नाही.

– एक अभियंता, नागपूर