कार्बन डॉट्स: शिजवणं पाच मिनिटांचं, धुणं दोन दिवसांचं

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

घरगुती मायक्रोवेव्हमध्ये कार्बन डॉट्स (अतिनील प्रकाशात चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण) करून कॉलेजच्या मुलांना स्वस्तातला दिवा दाखवता येईल का, असं विचारलं आहेस. येईल. घोटाळा होतो तो शिजवण्यात नाही, धुण्यात.

250 मिलीच्या बोरोसिलिकेट बीकरमध्ये 3 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड (आपलं लिंबूसत्व), 3 ग्रॅम युरिया आणि 10 मिली डिस्टिल्ड वॉटर घे. खताच्या गोणीतला युरिया नको, त्याला कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं. 750 वॅटवर चार-पाच मिनिटं ठेव. पाणी आटलं की मिश्रण फुगतं, पिवळं, मग तपकिरी होतं आणि शेवटी काळपट, जाळीदार गोळा उरतो. लहान बीकर घेतलास तर सगळं उतू जाईल. अमोनिया सुटतो, म्हणून फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात) कर, आणि तो मायक्रोवेव्ह परत स्वयंपाकघरात नेऊ नकोस.

गोळा पाण्यात विरघळव, सेंट्रिफ्यूज कर (वेगाने फिरवून गाळ खाली बसव), 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ. मग 1000 डाल्टनच्या डायलिसिस पिशवीत (छोटे रेणू बाहेर सोडणारी, मोठे कण आत ठेवणारी पिशवी; डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) भरून दोन दिवस पाण्यात ठेव, पाणी दर सहा-आठ तासांनी बदल. पिशवीबाहेरचं पहिलं पाणी यूव्ही म्हणजे अतिनील दिव्याखाली धरून बघच: ते स्वतःच निळं चमकतं! सायट्रिक अ‍ॅसिड आणि युरियापासून सिट्राझिनिक अ‍ॅसिडसारखे चमकणारे छोटे रेणूही तयार होतात, आणि त्यांचं श्रेय भोळेपणाने डॉट्सच्या खात्यावर जमा होतं. गंमत म्हणजे हे कण 2004 मध्ये पहिल्यांदा दिसले तेही कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) शुद्ध करताना, नको असलेली भेसळ म्हणून!

द्रावण वाळवून पूड केलीस तर चमक जवळजवळ विझेल. कण एकमेकांना चिकटले की ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत जाते. म्हणून त्यांना पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये (पीव्हीए, पाण्यात विरघळणारं प्लास्टिक) विखरून ठेवायचं. 90 मिली थंड पाण्यात 10 ग्रॅम पीव्हीए ढवळत भुरभुरव, मगच 90 अंशांपर्यंत तापव. थेट गरम पाण्यात टाकलंस तर गाठी होतात. निवल्यावर पाच बाटल्यांत वाटून डॉट्सचं द्रावण चढत्या प्रमाणात घाल. सगळ्यात गडद बाटली सगळ्यात उजळ नसते. बुडबुडे जायला रात्रभर ठेव आणि पेट्री डिशमध्ये पातळ ओतून वाळव. पावसाळ्यात हा पापुद्रा ओल धरून लिबलिबीत होतो, तेव्हा सिलिका जेलच्या डब्यात ठेव.

हा पापुद्रा उजळवायला एलईडी 365 नॅनोमीटर तरंगलांबीचाच माग. 'यूव्ही' म्हणून स्वस्तात मिळणारे जांभळे एलईडी बरेचदा 395 ते 405 चे असतात. निळे डॉट्स तो प्रकाश फारसा शोषत नाहीत आणि दोष मात्र नमुन्याला लागतो. 5 व्होल्टवर 100 ओहमचा रेझिस्टर लाव, साधारण 16 मिलिअँपिअर मिळतील. पापुद्रा एलईडीच्या लेन्सला चिकटवू नकोस, काही मिलिमीटर अंतर ठेव. उष्णतेने आणि यूव्हीने तो फिका पडतो. मुलांना यूव्हीचे चष्मे हवेतच.

हा एलईडीचा अतिनील प्रकाश दिसणाऱ्या प्रकाशात बदलणारा दिवा झाला. डॉट्समधूनच वीज सोडून उजेड काढणं वेगळं, त्याला पातळ थरांची यंत्रणा लागते. त्यात आत्ता पडू नकोस. कॅडमियमचे क्वांटम डॉट्स (असेच चमकणारे, पण धातूच्या संयुगाचे कण) रंगाला नक्कीच सरस आहेत, पण वर्गात विषारी धातू कशाला?

डायलिसिसच्या प्रत्येक पाण्याचा एकाच एक्सपोजरवर फोटो काढून पाठव. चमक कुठवर पिशवीबाहेर येत राहते ते बघून पुढचं ठरवू.

तुझा,
मिलिंद